ओलं असताना सोनं, वाळल्यावर माती

"अगं, रात्री झोपायला गेले तेव्हा झगमगत होतं. सकाळी उठून बघते तर सारवल्यासारखं दिसतंय!"

माझ्या रविवारच्या जलरंग वर्गाला येणाऱ्या एका काकूंचा हा फोन. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा ब्रश हातात धरला आणि दोन वर्षांत थेट पैठणीच्या पदरापर्यंत मजल मारली. जांभळं अंग सुरेख उतरलं होतं, बांगडीतले मोर डौलात उभे होते आणि जरीच्या जागी मात्र खाकी पट्टा. तोही चमकत्या सोनेरी जलरंगाची महागामोलाची वडी आणून, दोन संध्याकाळी खर्ची घालून.

हे दुखणं जुनंच आहे. दिवाळीच्या आधी शुभेच्छापत्रं रंगवायला घेतली, किंवा घरच्या लग्नाच्या पत्रिका हाताने करायचा उत्साह कुणाला आला, की निदान तिघं-चौघं तरी हाच प्रश्न घेऊन येतात. प्रत्येकाची खात्री असते की रंग खोटा निघाला. बहुतेक वेळा रंग अगदी चांगला असतो. म्हणून दुसरी डबी मागवण्याआधी मी काकूंना जे करायला लावलं ते करून बघा.

"काकू, चित्र खिडकीशी न्या. डोळ्यांच्या पातळीला आडवं धरा आणि सावकाश तिरकं करत जा. कुठे चमकतंय का?"

"हो गं, एका बाजूने जरा लुकलुकतंय. समोरून मात्र काही नाही."

"आता कोरडं बोट हलकेच फिरवा त्यावरून."

"अगंबाई, बोटच सोनेरी झालं!"

झालं निदान. तिरकं केल्यावर चमकतंय म्हणजे माल खरा आहे, फक्त कागदावर नीट बसलेला नाही. बोटाला लागतोय म्हणजे त्याला धरून ठेवणारा डिंक जागेवर उरलेला नाही. आणि या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं: पाणी. काकू बाकीचे जलरंग लावतात तसाच, ताकासारखा पातळ करून हा रंग लावत होत्या.

वडीत असतं काय

या वड्यांमध्ये सोनं नसतं, आणि आजकालच्या बहुतेक डब्यांमध्ये पितळही नसतं. असतं ते अभ्रक. अभ्रकाच्या अतिशय पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. सोनेरी आणि तांबूस छटांसाठी आयर्न ऑक्साइडचाही, म्हणजे आपल्या गेरूच्या भाऊबंदाचा. डबीच्या मागे बारीक अक्षरांत पीडब्ल्यू २०, पीडब्ल्यू ६, पीआर १०१ असे क्रमांक दिसले तर ते हेच त्रिकूट: अभ्रक, टायटॅनियमचं पांढरं, लोहाचं तांबडं. जपानच्या कुरेताकेच्या सहा वड्यांचा ‘स्टारी कलर्स’ संच घ्या किंवा जर्मन कोलिरोच्या वड्या, कूळ तेच. टायटॅनियम चढवलेलं अभ्रक बाजारात आलं ते १९६० च्या दशकात. त्याआधी मोत्याची झाक हवी असेल तर माशांच्या खवल्यांपासून काढलेला अर्क वापरत.

नेहमीच्या जलरंगातले कण बहुतेक करून एखाद-दोन मायक्रॉनचे किंवा त्याहूनही बारीक असतात. अभ्रकाचा पापुद्रा मात्र सहज १० ते ६० मायक्रॉन रुंद. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर अंदाज येईल. म्हणजे आपण रंग लावत नसतो, केसाच्या रुंदीचे चिमुकले आरसे कागदावर मांडत असतो. पापुद्रा आडवा पडला तर आरसा, तिरपा-उभा राहिला तर धूळ. चमकत्या रंगांच्या निम्म्याहून जास्त तक्रारी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

ओला असताना तो इतका का झगमगतो, तेही यातच आलं. पाण्याच्या थरात पापुद्रे निवांत आडवे तरंगत असतात. पाणी आटायला लागलं की खरी परीक्षा. रंग दाट असेल तर डिंकाची साय आकसत जाते, पापुद्र्यांना आपल्याबरोबर खाली दाबते आणि ते गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांसारखे शेजारी शेजारी चिकटतात. रंग पातळ असेल तर पाणी डिंकाला बरोबर घेऊन कागदात मुरतं. मागे राहिलेले पापुद्रे कागदाच्या खळग्यांत वाटेल तसे पडतात, मधून मधून पांढरा कागद डोकावतो आणि लांबून बघणाऱ्याला खाकी दिसतं.

म्हणून आधी पाणी

वडीवर पाण्याचे तीन-चार थेंब टाका आणि तीन ते पाच मिनिटं तिच्याकडे बघूसुद्धा नका. ही वाट पाहणं कुणालाच जमत नाही, मलाही नाही, म्हणून मी मधल्या वेळात चहा ठेवते. वडीचा वरचा थर मऊ झाला की ओलसर ब्रश (पाण्याने निथळणारा नव्हे) गोल फिरवून रंग उचलायचा. ब्रशवरचा रंग आटवलेल्या बासुंदीसारखा दिसला पाहिजे. पॅलेटवर ओढल्यावर मागचं पांढरं पूर्ण झाकलं गेलं तर जमलं. दुधासारखा वाहत असेल तर परत वडीकडे.

लावताना एकाच दिशेने, लांब फराटा मारायचा आणि हात काढून घ्यायचा. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ब्रश नेला की आडवे पडत आलेले पापुद्रे उठून बसतात आणि तिथे एक मंद डाग कायमचा राहतो. पहिला हात विरळ वाटला तरी तसाच सोडा. पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात द्या. पट्टा झाकायला दोन हात पुरतात. तिसऱ्याची गरज पडत असेल तर पाण्याचं प्रमाण अजून चुकतंय.

ट्यूबमधला किंवा छोट्या बाटलीतला रंग असेल तर आणखी एक भानगड असते. पाण्याच्या मानाने अभ्रक जवळपास पावणेतीनपट जड आणि वरचं टायटॅनियम त्याहून जड, त्यामुळे सगळा माल तळाला बसतो. वर उरतं ते डिंकाचं पिवळसर पाणी. ते लावून "यात चमकच नाही" म्हणणारे मी पाहिलेत. बाटली हलवून भागत नाही, काडीने तळ ढवळावा लागतो. दर पाच-दहा मिनिटांनी पॅलेटवरचा रंगही पुन्हा हलवा, तिथेही तो बसतोच.

कागद

खरखरीत कोल्ड प्रेस कागद सगळ्यांच्या घरी असतो आणि बाकीच्या कामाला तो छानच. पण त्याच्या डोंगर-दऱ्यांत पापुद्रे आडवे पडणार कुठे? मोठा पट्टा, नक्षी, अक्षरं असं काही असेल तर गुळगुळीत हॉट प्रेस कागद घ्या, ३०० जीएसएमचा. हातकागद दिसायला देखणा असतो, पण ज्याला आतून पुरेसा सरस दिलेला नसतो तो टीपकागदासारखा डिंक पिऊन टाकतो आणि सोनं वर कोरडं सोडतो. तसा कागद वापरायचाच असेल तर नक्षीच्या जागेवर आधी गम अरेबिकच्या, म्हणजे जलरंगात असतो त्या डिंकाच्या, पातळ पाण्याचा एक हात द्या, वाळवा आणि मगच सोनेरी लावा. कागदाची तहान आधीच भागलेली असली की रंगातला डिंक रंगातच राहतो.

खाली कोणता रंग आहे?

हा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण यात खर्च शून्य आणि फरक डोळ्यांत भरण्यासारखा. पांढऱ्या कागदावर थेट सोनेरी लावू नका. पापुद्र्यांमध्ये फटी राहणारच, प्रश्न एवढाच की त्या फटींतून काय दिसतं. पांढरं दिसलं तर सोनं फिकं आणि पिठूळ होतं. तिथे आधी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) किंवा यलो ऑकरचा (मातकट पिवळा) साधा हात देऊन ठेवला तर त्याच फटी सोन्याची सावली वाटायला लागतात. लाकडावर सोन्याचा वर्ख चढवणारे युरोपातले कारागीर वर्खाखाली तांबड्या मातीचा थर देत आले, त्यामागचा हिशोब काहीसा असाच. सोनेरी जरीला मी बर्न्ट सिएना वापरते, रुपेरीला पेन्स ग्रे, म्हणजे निळसर करडा.

काळ्या किंवा गडद कागदावर हे रंग एकदम उठून दिसतात तेही याचमुळे. व्हिडिओतली जादू बघून डबी मागवली आणि घरी पांढऱ्या कागदावर लावली, तर निराशा ठरलेलीच.

यातच एक वेगळा प्रकार असतो, ज्यावरून खरोखर डोकं धरायची वेळ येते. इंटरफेरन्स किंवा ड्युओक्रोम नावाचे रंग. वडी पांढुरकी दिसते, नाव असतं निळं किंवा हिरवं. कागदावर लावलं की काहीच नाही, जणू पाणीच लावलं. एका मुलीने तर पैसे परत मागणारा निरोप दुकानदाराला लिहून तयार ठेवला होता. मी तिला काळ्या कार्डाच्या तुकड्यावर एक फराटा मारायला सांगितलं. निळं मोरपीस उमटलं.

यात रंगद्रव्य म्हणून निळं काही नसतंच. अभ्रकावरच्या टायटॅनियमच्या थराची जाडी बदलली की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात किंवा साबणाच्या फुग्यात रंग फिरतात, तसाच हा प्रकार. ४० ते ६० नॅनोमीटरचा थर रुपेरी दिसतो. तो वाढवत नेला की आधी सोनेरी, मग तांबडा, मग निळा आणि हिरवा. जेवढा निळा परत फिरला तेवढा सोडून बाकीचा, म्हणजे पिवळसर प्रकाश पापुद्र्यातून आरपार जातो. खाली कागद पांढरा असेल तर तोही परत फिरतो, निळ्यात मिसळतो आणि दोघांचं मिळून पांढरं होतं. खाली काळं असेल तर पिवळा तिथेच गिळला जातो आणि निळा एकटा उरतो. तर काकूंच्या जांभळ्या अंगावर, मोराच्या गळ्याशी, इंटरफेरन्स निळ्याचा एक पातळ हात अप्रतिम बसतो. तोच हात पांढऱ्या आकाशावर वाया जातो.

पैठणीच्या धूपछाव रंगाशी याची तुलना हमखास होते. दिसायला साम्य आहे खरं, पण कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून पदर हलला की छटा बदलते. तिथे दोन रंग खरोखर असतात. इथे एकही नाही. चित्रात धूपछाव आणायचा तर मी आधी गडद रंगाचा पूर्ण हात देते, तो वाळला की फक्त घडीच्या उंचवट्यांवर ड्युओक्रोम टेकवते. सगळीकडे फासला की कापडाची घडी जाते आणि गिफ्ट रॅपिंगचा कागद होतो.

बोटाला लागतंय, समोरच्या पानावर उतरतंय

तयार वडी आणि योग्य दाटपणा असेल तर हे सहसा होत नाही. झालंच तर पॅलेटवर रंग कालवताना गम अरेबिकच्या द्रावणाचा एखादा थेंब टाका. एकच. डिंक जास्त झाला की पापुद्रे त्यात बुडतात, वर काचेसारखा थर येतो आणि कोरड्या हवेत त्याला तडे जातात.

जे घरी रंग तयार करतात त्यांच्याकडे मात्र हा रोग घर करून असतो. गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या दागिन्यांना, पितांबराला जी मोतिया चमक देतात तसली पर्ल पावडर आता पावशेरानेसुद्धा मिळते, आणि ती जलरंगाला उत्तम चालते. अडतं ते डिंकापाशी. मीही सुरुवातीला स्वयंपाकघरातला डिंक घेतला, लाडवासाठी आणलेला. दोन दिवस भिजवला, गाळला, पुन्हा भिजवला. तळाशी जेलीसारखा चोथा काही केल्या संपेना. रंग लावला तर गाठी-गाठी, वाळल्यावर निम्मा झडला.

लाडवाचा म्हणून जो डिंक मिळतो तो बहुधा धावड्याचा असतो, आणि तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही. डिंक कतिरा तर नुसताच फुगतो. रंगाला लागतो तो गम अरेबिक. तो बाभळीच्या कुळातलाच, पण आफ्रिकेतल्या झाडाचा. कोमट पाण्यात तो पूर्ण विरघळतो. एक वाटी खडे, दोन वाट्या कोमट पाणी, रात्रभर ठेवायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं. त्यात मधाचे किंवा ग्लिसरीनचे थोडे थेंब, म्हणजे वडी वाळून तडकत नाही. बुरशी धरू नये म्हणून लवंग तेलाचा एक थेंब. पर्ल पावडर आणि हे द्रावण साधारण सारख्या मापाने कालवून सुरुवात करा आणि वाळवून, बोट फिरवून ठरवा.

दोन गोष्टी सांगून ठेवते. बाकीच्या रंगद्रव्यांसारखं हे काचेवर घोटायचं नाही. घोटलं की पापुद्रे मोडतात, आरशांचा चुरा होतो आणि तुम्ही स्वतःच्या हाताने चमक मारता. पॅलेट नाइफने हलकं कालवणं पुरे. दुसरं, कोरडी पावडर हाताळताना मास्क लावा आणि पंखा बंद करा. ही धूळ फुप्फुसात जाण्याची वस्तू नाही. शिवाय पंखा चालू राहिला तर पुढचे सहा महिने भाजीतसुद्धा जर सापडते.

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर वेगळीच तक्रार: रंग वाळतच नाही, चिकट राहतो. मध जास्त झालाय. मध हवेतलं पाणी ओढतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नसतो. पावसाळ्यातल्या घाण्याला मी मध निम्मा करते आणि वड्या डब्यात बंद करण्याआधी पूर्ण सुकवते.

हिरवं पडलं, काळं पडलं

हे झालं तर मात्र रंगावर शंका घ्यायला हरकत नाही. अभ्रकाचा रंग काळा-हिरवा पडत नाही. सोनेरी पावडर पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्ताची असेल तर दमट हवेत आणि घामट बोटांनी ती कळकते, तांब्या-पितळेची भांडी कळकतात तशीच. खऱ्या चांदीचं तर विचारूच नका. जुन्या मुघल आणि राजपूत लघुचित्रांत तळी-नद्या चांदीने रंगवलेल्या असत. त्यातलं कित्येक ठिकाणचं पाणी आज करडं-काळं दिसतं, ते काही चित्रकाराच्या मनातलं नव्हे.

फिकं होण्याची गोष्ट निराळी. सोनेरी, रुपेरी, कांस्य या छटा उन्हाला दाद देत नाहीत. पण चमकती गुलाबी, जांभळी अशा वड्यांमध्ये कधी कधी अभ्रकाबरोबर कच्चा रंग मिसळलेला असतो आणि तो वर्षा-दोन वर्षांत उडून रुपेरी सांगाडा उरतो. कागदाच्या पट्टीवर फराटा मारून अर्धा भाग झाका आणि महिनाभर खिडकीत चिकटवून ठेवा, लगेच कळेल.

अकीक घासून बघितलं, तर सोनंच गेलं

राजस्थानी लघुचित्रांचे व्हिडिओ बघून हल्ली बरेच जण अकीकाचा दगड मागवतात. तिथे कारागीर सोनेरी भागावर अकीक घासतो आणि मंद सोनं एकदम लखलखतं. आपण घरी घासतो आणि सोनं कागदासकट निघून येतं. कारण सोपं आहे. त्यांच्या रंगाच्या शिंपल्यात खरं सोनं असतं, वर्ख डिंकात नाहीतर मधात तासन्‌तास खलून केलेलं. सोनं मऊ, दाबलं की कण पसरतात, एकमेकांना भिडतात, सलग पत्रा तयार होतो. यालाच ओप देणं म्हणतात. अभ्रक पसरत नाही, मोडतं. त्याला ओप चढत नाही. जी चमक यायची ती वाळतानाच येते, नंतर घासून नाही.

तंजावर शैलीच्या चित्रांसारखं सोनं हवं, अशीही मागणी येते. सरफोजीराजांच्या काळात बहरलेल्या त्या चित्रांत सोनेरी रंग नसतो, उठावाच्या कामावर प्रत्यक्ष सोन्याचा वर्ख डकवलेला असतो. ब्रशने ते येणार नाही. त्याचं वाईटही वाटून घेऊ नये.

दुसऱ्या रंगात मिसळल्यावर मेलं

अपारदर्शक रंगात मिसळलंत म्हणून. पोस्टर कलर, गुआश, पांढरा, कॅडमियमचे रंग यांचे कण पापुद्र्यांना वरून झाकतात. आरशावर चुना फासल्यासारखंच ते. क्विनाक्रिडोन, थॅलो निळा-हिरवा, प्रशियन ब्लू असे पारदर्शक रंग थोड्या प्रमाणात मिसळले तर चमक टिकते. त्याहूनही चांगलं म्हणजे मिसळायचंच नाही. आधी रंग, वाळू द्या, त्यावर चमकता थर. तो थर सगळ्यात शेवटी, कारण त्याच्यावर नंतर ओला ब्रश गेला की सोनं विरघळून सगळीकडे फिरायला निघतं.

या फिरण्यावरून: चमकत्या रंगाला पाण्याचं भांडं वेगळं, ब्रश वेगळा, शक्यतो सिंथेटिक. पापुद्रे ब्रशच्या केसांच्या मुळाशी जाऊन बसतात आणि पुढच्या निसर्गचित्रात आकाशातून सोनं बरसतं. माझ्या एका वादळी समुद्राला असाच मुलामा मिळाला. लोकांनी कौतुक केलं, मी गप्प बसले.

कापडावर वापरायचे पर्ल रंग जलरंगाच्या वडीवर किंवा पॅलेटमध्ये मिसळू नका. ते ॲक्रिलिक, एकदा वाळले की पाण्याने सुटत नाहीत. फाउंटन पेनमध्येही हे रंग भरायचे नाहीत, बारीक नळीत पापुद्रे अडकून पेन बाद होतं. अक्षरं लिहायची तर बोरूने किंवा टाकाच्या निबने लिहा. निबवर ब्रशने रंग भरायचा आणि दर दोन ओळींनी निब धुवायची.

वाळल्यावर वरून मॅट फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग पक्का करणारा बिनचमकेचा फवारा, मारू नका. त्याचं काम चमक घालवणं हेच आहे आणि ते चोख करतं. पाण्यावर आधारलेलं व्हार्निश ब्रशने लावलं तर खालचा रंग पुन्हा सुटतो.

चित्रात आहे, फोटोत नाही

स्कॅनरवर आशा ठेवू नका. स्कॅनरचा दिवा कागदावर तिरका पडतो आणि त्याचा डोळा सरळ वरून बघतो. आरशासारखा परतणारा प्रकाश दुसऱ्याच दिशेला निघून जातो, डोळ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून स्कॅनमध्ये सोनं मोहरीच्या पेस्टसारखं येतं. एवढ्यावरून चित्र बिघडलं असं समजून पुन्हा रंगवायला बसू नका. छापील पत्रिकेसाठी मूळ चित्र हाताने करणाऱ्यांनी तर हे आधीच ध्यानात ठेवावं. छापखान्यात सोनं हवं असेल तर तिथे सोनेरी फॉइल वेगळं मारून घ्यावं लागतं.

फोटो काढायचा तर चित्र टेबलावर सपाट ठेवा. एकाच खिडकीचा उजेड समोरच्या बाजूने तिरका येऊ द्या, बाकीचे दिवे बंद करा. तुम्ही खिडकीच्या समोर उभे राहा, म्हणजे उजेड चित्रावर आपटून तुमच्याकडे येईल. मोबाइल थोडा थोडा कलता करत जा, सोनं पेटलं की थांबा. कॅमेरा चमक बघून बाकीचं चित्र काळवंडवतो, तर पडद्यावर जांभळ्या भागावर बोट टेकवून उजेड ठरवा. आणि खरं सांगायचं तर दोन सेकंदांचा, चित्र हळूच झुकवणारा व्हिडिओ दहा फोटोंना भारी पडतो.

बिघडलेलं दुरुस्त करता येतं का?

बहुतेक वेळा येतं. काकूंनी पट्टा खरवडून काढायचा बेत केला होता, तो मी मोडून काढला. कागदाचा पृष्ठभाग एकदा उसवला की त्यावर काहीच नीट बसत नाही. मोठ्या मऊ ब्रशने सुटलेली भुकटी झटकली. मग अगदी किंचित ओला ब्रश पट्ट्यावरून एकदा फिरवून उरलेली ढिली पावडर टिपून घेतली. उरलेल्या खाकी पट्ट्यावर बर्न्ट सिएनाचा पातळ हात दिला. ओल्या ब्रशने थोडं सोनं हललं, पण ते चालून गेलं, नाहीतरी वरून झाकायचंच होतं. तो पूर्ण वाळल्यावर वडी भिजवली, चहा घेतला, आणि काठाच्या लांबीने बासुंदीसारखे दोन हात. नारळी काठाची टोकं त्यांनी दुसऱ्या दिवशी, भिंग लावून, शून्य नंबरच्या ब्रशने काढली.

फ्रेम करताना मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घेतला, म्हणजे रंग काचेला टेकत नाही. काच साधी, कारण खरवडून मंद केलेली अँटिग्लेअर काच उजेड विखरून टाकते आणि जर पुन्हा खाकी होते. चित्र दिव्याच्या समोर न लावता खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावलं, जिथे दुपारनंतर उजेड तिरका येतो. चार वाजले की पदर पेटतो. "सकाळी मात्र अजूनही जरा सारवल्यासारखंच दिसतं हं," असं काकू म्हणतात, आणि पाहुण्यांना संध्याकाळीच बोलावतात.